गुरुवारी दुसऱ्यांच्या कपड्यांत

गुरुवारी दुकानाला सुट्टी असे, आणि गुरुवारी दुपारी घरातली तिघंही दुसऱ्यांच्या कपड्यांत फिरायला निघत.

दुकान लाँड्रीचं. पुढे कपड्यांचे लांब दांडे, मागे हौद, वाफेची इस्त्री आणि अंगण, वर दोन खोल्यांचं घर. मंगळवारी-बुधवारी आलेले कपडे शुक्रवारी सकाळी हौदात पडत. मधला गुरुवार कुणाचाच नव्हता. तो लाँड्रीवाल्यानं आपला करून घेतला होता.

तो कुणा वकिलाचा राखाडी सूट चढवी. बायको मोत्याच्या रंगाचा एक लांब कोट घाली. पोरगा बड्या घरच्या कुणा पोराचं जाकीट घालून बाह्या दुमडून घेई. पायात मात्र आपापल्या चपला, कारण लाँड्रीत जोडे येत नाहीत. म्हणजे वरून साहेब आणि खालून लाँड्रीवाला. पण तळ्याकाठच्या रस्त्यावर पायांकडे बघतंय कोण? तिथं दुपारी ऊन झाडांमधून गाळून आल्यासारखं पडायचं, पाण्यावरून वारा यायचा, आणि तिघं इतक्या सावकाश चालायची की आपण चालतोय की रस्ताच खालून सरकतोय ते कळेनासं व्हायचं.

"आज मी कोण?" लाँड्रीवाला विचारी.

"आज तुम्ही दातांचे डॉक्टर," पोरगा सांगे. "बाहीला लवंगेच्या तेलाचा वास येतोय."

"आणि मी?" बायको विचारी.

"तू ना, आई... तू कुणालातरी ओरडून आलेली बाई आहेस. आणि आता तुला वाईट वाटतंय."

तिघंही हसत. समोरून येणारा एखादा अनोळखी माणूस सुटाकडे बघून मान लववी. लाँड्रीवालाही मान लववी, आणि पुढची दहा पावलं त्याला आपल्या पाठीचा कणा नव्यानं बसवून घेतल्यासारखा वाटे.

घरी आल्यावर कपडे काढून घडी होई. शुक्रवारी ते दुप्पट काळजीनं धुतले जात. कॉलरचा मळ, काखेतला घाम, कुठे चुकून लागलेला गवताचा हिरवा डाग, सगळं निघे. घरातला नियम लाँड्रीवाल्यानं पोराला पहिल्याच वर्षी सांगितला होता: "कुणाचं घेतलं तर परत करताना होतं त्याहून स्वच्छ करून द्यायचं. मग ती चोरी होत नाही."

होत नाही म्हणे! त्यानं हा नियम कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. तो ज्या दुकानात कामाला लागला, तिथल्या मालकानं त्याला तो दिला होता, आणि त्यानं तो जुन्या इस्त्रीसारखा आपल्या दुकानात आणून ठेवला. गरम व्हायची तेव्हा कपडा सरळ करायची. बोटं कुणाची भाजतात ते कोण बघतो?

पोरगा त्याचा नव्हता. बाई आणि पोर त्याच्या घरी आली तेव्हा पोरगा पाच वर्षांचा होता. पहिले काही महिने तो इस्त्रीच्या टेबलाखाली बसून सुटलेली बटणं रंगांप्रमाणे लावत बसे, म्हणून त्याचं नाव पडलं बटण. तो लाँड्रीवाल्याला काका म्हणे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बदललंही नाही.

बटणाचा जन्मदाता वस्तू नेणारा माणूस होता. आधी भिंतीवरचं घड्याळ नेलं, "आणतो परत" म्हणून. मग शिलाईचं मशीन. मग बटणाची तीन चाकांची सायकल. दर वेळी "आणतो परत". शेवटी स्वतःला घेऊन गेला, आणि तेव्हा तेवढंही म्हणाला नाही. त्यामुळे पोराच्या हिशेबी जगात पुरुष दोन जातीचे होते: नेऊन परत न करणारे, आणि नेऊन, धुऊन, परत करणारे. तिसरी जात असते, जी नेतच नाही, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. दोन्ही बाप मिळूनही नाही.

धंद्याचा आणखी एक रिवाज होता. कपडा हौदात टाकण्याआधी खिसे उलटे करायचे. जे निघेल ते लहानशा तपकिरी लिफाफ्यात घालायचं, वर जांभळ्या शाईनं कपड्याच्या आतल्या शिवणीत असतो तोच नंबर लिहायचा, आणि धुतलेल्या कपड्याला टाचणीनं लावून द्यायचं. शाई अशी, की उकळली तरी जायची नाही. खिशांतून काय काय निघे! नाणी, दात कोरायच्या काड्या, एकाच बाईचे दोन वेगवेगळ्या साहेबांच्या खिशांत सापडलेले फोटो. पण विचारायचं नाही. गिऱ्हाईक लिफाफा हातात घेतं तेव्हा त्याच्या तोंडाकडेसुद्धा बघायचं नाही.

"लाँड्रीवाल्यानं खिसे रिकामे करायचे, माणसं नाही," तो पोराला म्हणे. त्याला हे वाक्य फार आवडे.

बटण सहा वर्षांचा असताना त्यानं त्याला अक्षरं शिकवली ती याच लिफाफ्यांवर. अकराव्या वर्षी मांडीवर बसवून मोकळ्या मैदानात दुकानाची जुनी व्हॅन चालवायला शिकवली. पोराचे हात स्टिअरिंगवर, त्याचे हात पोराच्या हातांवर. "हळू. अरे, गाडी आहे, बैल नाही. ओढू नकोस, नुसतं सांग तिला." खरं सांगायचं तर त्या माणसानं पोरावर माया केली. वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी झाली असती.

बटण चौदाचा झाला, आणि गावात एक गंमत सुरू झाली.

लोकांच्या गाड्या धुतल्या जाऊ लागल्या. दुपारी कचेरीबाहेर लावलेली धुळीनं माखलेली गाडी, साहेब जेवून डुलकी काढून बाहेर येतो तर आरशासारखी चमकतेय. आतली जाजमं झटकलेली, काचा पुसलेल्या, सीटखाली हरवलेलं पेन समोर नीट ठेवलेलं. फक्त मैलांचा आकडा आठ-दहानं वाढलेला, आणि तो कोण बघतो? पहिल्या गाडीवर लोक हसले. दुसरीवर म्हणाले, कुणीतरी देवमाणूस आहे. तिसरीच्या मालकानं तर मुद्दाम तिथंच गाडी लावायला सुरुवात केली.

"ऐकलंस का?" लाँड्रीवाला जेवताना म्हणाला. "फुकट गाडी धुऊन मिळतेय लोकांना. आपला धंदा बसवणार हा."

बायको हसली. बटणानं ताटातून मान वर केली नाही. त्याच्या नखांच्या कडा पांढऱ्या, मऊ पडल्या होत्या, साबणात फार वेळ हात घातल्यावर पडतात तशा. लाँड्रीवाल्याला ती नखं दिसली. वीस वर्षं तो तसलीच नखं घेऊन जगत होता, त्याला दिसणार नाहीत तर कुणाला? पण समोरचं दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं. त्या दिवसांत त्याच्या डोक्यात कायम इस्त्रीची वाफ भरलेली असे. त्या वाफेत गोष्टी यायच्या, आकार घ्यायच्या, आणि तो नीट बघायला लागला की विरायच्या. त्यानं त्या विरू दिल्या.

मग एका शुक्रवारी त्यानं हौदाशी उभं राहून घरच्या कपड्यांचे खिसे उलटे केले, आणि बटणाच्या पँटमधून एक किल्ली पडली.

ती त्यानं ओळखली. व्हॅनची जादा किल्ली. चार महिन्यांपूर्वी हरवली म्हणून तिघांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आता ती कानशीनं घासून इतकी पातळ केली होती, की कुठल्याही जुन्या गाडीच्या कुलपात लोण्यासारखी गेली असती.

हौदावर ऊन होतं. साबणाचे फुगे एकेक करून फुटत होते. दोरीवरचे पांढरे सदरे वाऱ्यानं भरून, बिनडोक्याच्या माणसांसारखे, बाह्या पुढे करून त्याच्याकडे येत होते आणि मागे जात होते. लाँड्रीवाला किल्ली तळव्यावर घेऊन उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पोरगा वर शाळेची तयारी करत होता. जिना चढून जायला बारा पायऱ्या. "हे काय आहे रे?" एवढे चार शब्द.

तो गल्ल्यावर गेला. तपकिरी लिफाफा घेतला, किल्ली आत घातली, आणि जांभळ्या शाईनं वर लिहिलं: बटण. आणि पोरगा शाळेला गेल्यावर तो लिफाफा त्याच्या उशीवर ठेवून आला.

बस्स. एवढंच केलं त्यानं. सवयीनं केलं, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. गिऱ्हाईक असल्यासारखं केलं. पण पोरगा गिऱ्हाईक नव्हता. दुपारी शाळेतून आला, त्याला उशीवर काकांच्या अक्षरातलं आपलं नाव दिसलं, आत किल्ली दिसली. चौदा वर्षांच्या पोरानं त्याचा अर्थ काय काढावा? त्यानं तोच काढला. काकांना माहीत आहे. काकांचं काही म्हणणं नाही. परत करताना स्वच्छ करून दे, म्हणजे झालं.

रात्री जेवताना तो लाँड्रीवाल्याकडे बघून हसला. इतकं मोकळं हसू त्या घरात पूर्वी कुणी कुणाला दिलं नसेल. लाँड्रीवाल्यानं भाजी पुढे सरकवली.

पाचवी गाडी सुईणबाईंची होती.

सुईणबाई साठीला आलेल्या, फटकळ, गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. बटणही. त्यांची ती बुटकी हिरवी गाडी घराजवळच्या झाडाखाली उभी असे. बटणानं ती दुपारी बाराला काढली, तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, काचा खाली करून. मग पाणवठ्यावर नेऊन धुतली. सीटच्या फटीत त्याला एक चांदीचं डूल सापडलं. रिवाज म्हणजे रिवाज. ते त्यानं लिफाफ्यात घातलं. खिशात लिफाफा एकच होता, किल्लीचा. तो टाचणीनं स्टिअरिंगच्या कापडी खोळीला लावला आणि दीड वाजता गाडी त्याच झाडाखाली, त्याच खुणेवर, चकचकीत उभी करून तो घरी गेला. डूल सापडल्यावर बाई कशा खूश होतील, याचा विचार करत गेला असणार.

सव्वाबाराला सुईणबाईंना बोलावणं आलं होतं. त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या तर झाडाखाली नुसती सावली. दोन मैल त्या पळत गेल्या, त्या वयात. पोचल्या तेव्हा बाळ शेजारणीच्या हातात आलेलं होतं, निळं पडलेलं, गप्प. ते रडलं. पण उशिरा रडलं.

चार वाजता पोलीस लिफाफा घेऊन लाँड्रीत आले. गावात दुसरं कोण असले लिफाफे वापरतं? आणि बटण नावाचं पोर गावात एकच.

"मीच केलं," बटण म्हणाला. "सगळ्या मीच. कुणाला काही माहीत नाही."

लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून उभा होता. खाली कुणाचातरी सदरा करपत होता.

अकरा दिवस पोरगा निरीक्षणगृहात राहिला. अकरा दिवसांत लाँड्रीवाला तीनदा भेटायला गेला. मधे टेबल, टेबलावर पाण्याचा पेला, आणि खिडकीतून पडलेला उन्हाचा चौकोन. तो चौकोन पोराच्या हातांवरून सावकाश सरकायचा, आणि दोघं बघत बसायचे.

"जेवायला बरं देतात?"

"हं."

"झोप?"

"काका, तुम्ही काही बोलू नका तिथे," बटण हळूच म्हणाला. "मी सांगितलंय सगळं बरोबर. दुकानाचं नाव नको यायला."

आणि लाँड्रीवाल्यानं मान हलवली! चौदा वर्षांचं पोर एका बाप्याची कातडी वाचवत होतं, आणि तो बाप्या मान हलवत होता. घरी येताना त्याला हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच भीती वाटली.

चौकशी करणारे अधिकारी घरी येऊन गेले. थकलेला, भला माणूस. त्यांनी स्पष्टच सांगितलं. "पोरगा म्हणतो एकट्यानं शिकलो, एकट्यानं केलं, घरी कुणाला पत्ता नाही. किल्ली घासून घेणारं, पाच गाड्या उचलणारं, आणि घरातल्या कुणाच्या नजरेला न पडणारं पोर म्हणजे कागदावर तो सराईत होतो. तीन वर्षं सुधारगृह. घरात कुणाला माहीत होतं का? माहीत असून दुर्लक्ष झालं असेल तर आता सांगा. मग बालन्याय मंडळ पोराबरोबर घरालाही जबाबदार धरतं, आणि पोरगं घरी राहू शकतं. देखरेखीखाली."

"नाही," लाँड्रीवाला म्हणाला. "आम्हाला काय माहीत असणार?"

ते गेल्यावर बायकोनं दार लावलं. ती भांडणारी बाई नव्हती. पहिला नवरा एकेक वस्तू नेत होता तेव्हाही ती भांडली नव्हती.

"तो लिफाफा त्यांनी मला दाखवला," ती म्हणाली.

"हं."

"त्यावरचा ब कुणाचा आहे?"

"पोराचा. माझ्यासारखाच काढतो."

"अहो, मी नऊ वर्षं ते लिफाफे कपड्यांना टाचतेय. पोरगा घाई करतो, त्याची शाई फुटते. तुमची फुटत नाही." ती खाली बसली. "किल्ली तुम्हाला सापडली होती. होय की नाही?"

खालच्या दुकानात कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"मी सांगितलं तर उद्यापासून कोण कपडे टाकेल आपल्याकडे?" तो शेवटी म्हणाला. "किल्लीचं निघालं की गुरुवारचंही निघेल. पोराला कुठून कळलं ते विचारतील. दुकान गेलं तर तो सुटून येणार कुठे?"

"दुकान वाचवायला तो आत बसणार, आणि तो येईल म्हणून तुम्ही दुकान वाचवणार," ती म्हणाली. "पहिल्यानं निदान सायकलच नेली होती."

मंडळाची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. उंच खिडक्या, लांब टेबल, भिंतीवर उशिरानं चालणारं घड्याळ. लाँड्रीवाला आत शिरला आणि त्याला झोपेत चालल्यासारखं झालं, कारण खोलीत माणसं नव्हती, कपडे होते. फौजदाराच्या डाव्या खिशावरचा शाईचा डाग त्यानं तीनदा काढला होता. कारकुनाचा बदामी सदरा, दुसऱ्या बटणाला वेगळा दोरा. सरकारी वकिलाची ती लवंगेच्या वासाची बाही. म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हताच तो, नुसता दात दुखणारा वकील. सगळे बसले होते आणि सगळ्यांच्या आतल्या शिवणीत त्याच्या हातचे जांभळे नंबर होते.

आणि न्यायाधीशबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर मोत्याच्या रंगाचा लांब कोट होता.

बायकोनं त्याचा हात धरला.

आधी सुईणबाई बोलल्या. "गाडी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की मला बघून ओकारी आली. ते डूल मी वर्षभर शोधत होते. मी ते फेकून दिलं." मग बटणाकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "बाळ दूध पितंय. पण हात धरला की बोटं आवळत नाही अजून. पुढं काय, ते डॉक्टरही सांगत नाहीत. हे धुऊन दे मला."



न्यायाधीशबाईंनी लिफाफा उचलला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं," बटण म्हणाला.

"लिहून दाखव."

कारकुनानं कागद दिला. पोरानं लिहिलं. बाईंनी दोन्ही शेजारी शेजारी धरले, उजेडाकडे केले. तोच ब, तीच खाली सोडलेली शेपटी, तोच ट. आठ वर्षं शिकवलं होतं, जाणार कुठे? या वेळी पोरानं घाईसुद्धा केली नव्हती. बाईंनी मान हलवली. त्यांची खात्री पटली होती. त्यांनी कागद फाइलीत ठेवायला घेतला.

त्या क्षणी लाँड्रीवाला पुरता सुटला होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. समोर कपड्यांच्या मधे एकच माणूस बसलेलं त्याला दिसलं. निरीक्षणगृहाच्या ढगळ सदऱ्यातलं पोर, पहिल्यांदाच कुणाचंही जाकीट नसलेलं. ते पोर त्याच्याकडे बघून हसलं. उशीवरच्या लिफाफ्यानंतर हसलं होतं तसंच.

"अक्षर माझं आहे," लाँड्रीवाला म्हणाला.

"काका!" बटण ओरडला.

"तुम्ही मुलाचे कोण?" बाईंनी विचारलं.

आजवर या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं. आईचा नवरा. ते जिभेवर आलं आणि त्याला ते दुसऱ्याच्या कोटासारखं वाटलं.

"ज्याचं बघून तो शिकला, तो मी," तो म्हणाला. "किल्ली मला सापडली होती, बाई. घासलेली होती. कशासाठी ते कळलं मला. मी ती लिफाफ्यात घालून त्याच्या उशीवर ठेवली. विचारलं नाही. त्याला वाटलं, मी हो म्हणालो."

"खोटं बोलतायत ते!" बटण उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मला वाचवायला बोलतायत. काका, गप्प बसा ना!"

"खाली बस, बटण. आणि घेऊन, धुऊन परत करणं म्हणजे चोरी नाही, हेही मीच शिकवलं त्याला. दर गुरुवारी." तो थांबला. त्यानं खुर्चीवरच्या कोटाकडे बोट केलं. "तुमचा हा कोट, बाई. आतल्या शिवणीत एकशे बारा नंबर आहे. माझ्या बायकोनं तो दोन हिवाळे घातलाय. तळ्याकाठी."

फौजदारानं नकळत स्वतःच्या खिशावर हात ठेवला. वकिलानं बाही हुंगली. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

न्यायाधीशबाईंनी कोट मांडीवर घेतला, आत बघितलं.

"मला कधी कळलं कसं नाही?"

"कळू नये म्हणूनच धुतो आम्ही," लाँड्रीवाला म्हणाला.

बाई बराच वेळ त्या नंबरावर अंगठा फिरवत राहिल्या, जणू तो निघतोय का बघत होत्या. मग त्यांनी पेन उचललं.

बटण घरी आला. वर्षभर देखरेख, दर सोमवारी हजेरी, आणि हजेरीला काकांनीही यायचं. रस्ताभर तो एक अक्षर बोलला नाही. तो रागावला होता, आणि त्याचं बरोबर होतं. त्यानं अकरा दिवस एक गोष्ट दातांत धरून ठेवली होती, आणि ज्याच्यासाठी धरली त्यानंच ती ओढून काढली होती.

ते पोचण्याआधी बातमी पोचली होती. दुकानापुढे रांग लागली होती. लोक कपडे न्यायला आले होते, धुतलेले न धुतलेले सगळे. कुणी शिव्या दिल्या. कुणी नुसतं ओढून घेतलं. एक म्हातारा म्हणाला, "माझा कोट कुणी घातला होता?" "मी," लाँड्रीवाला म्हणाला. "बसला का नीट?" म्हाताऱ्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेला. संध्याकाळपर्यंत दांडे रिकामे झाले. नुसते हँगर उरले, वारा आला की एकमेकांना हळूच लागायचे.

दुसऱ्या आठवड्यात एकच गाठोडं आलं. ते सुईणबाईंनी आणून अंगणात टाकलं. बाळाचे लंगोट, दुपटी.

"त्या बाळाच्या आईनं सांगितलंय, बटणाचं तोंड बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी तिला सांगितलेलं नाही कुठं धुवायला देते ते. रोज आणीन. फुकट."

बटण हौदाशी बसला. बऱ्याच दिवसांनी तो आपणहून बोलला.

"हे धुऊन ते बाळ बरं होणार आहे का?"

"नाही," लाँड्रीवाला म्हणाला.

"मग?"

"तरी धुवायचं."

"तुमचा नियम आता बदलला वाटतं."

"नियम नाही. आता नुसतं धुणं आहे."

पोरानं बाह्या वर केल्या.

गुरुवार आला. बंद ठेवायला दुकान उरलं नव्हतं, पण दुपारी बायकोनं केस विंचरले आणि दारात जाऊन उभी राहिली. तिघं निघाली. तिच्या अंगावर तिचाच विटका स्वेटर, त्याच्या अंगावर कोपरावर ठिगळ लावलेला सदरा. बटणाची पँट घोट्यांच्या वर आखडली होती. हा इतका उंच कधी झाला, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चपलांशी पहिल्यांदाच कपडे जुळत होते. तळ्याकाठी ऊन तसंच गाळून पडलं होतं. समोरून माणसं येत होती आणि कुणी मान लववत नव्हतं. काही जण वळून बघत होते. लाँड्रीवाल्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"आज मी कोण?" तो सवयीनं म्हणाला, आणि ओशाळला.

बटण चार पावलं पुढे चालत होता, दोन्ही मुठी खिशांत खुपसून. उजवा खिसा फुगलेला दिसत होता.

लाँड्रीवाल्यानं तो फुगा बघितला. पाण्यावरून वारा आला, आणि मागे दूर, घराच्या अंगणातल्या दोरीवर, बाळाचे बारा चौकोनी लंगोट त्याच वाऱ्यानं हलत असणार, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्या कपड्यांना खिसे नसतात. तो झपझप पुढे गेला, पोराच्या बरोबरीनं चालू लागला.

"खिशात काय आहे रे?" त्यानं विचारलं.

बटण थांबला. त्यानं काकांकडे असं बघितलं, जसं कुणी अनोळखी माणसानं रस्त्यात नाव घेऊन हाक मारावी.

"नाही सांगणार," तो म्हणाला.

"बरं," लाँड्रीवाला म्हणाला. "मग घरी गेल्यावर परत विचारीन."

"तरी नाही सांगणार."

"मग उद्या विचारीन."

"विचारा," बटण म्हणाला. मूठ खिशातच होती, पण तो आता पुढे गेला नाही. तो चालत राहिला, काकांच्या चालीनं, सावकाश.